परतल्यावर कोणाला सांगायचं?

ताई,
मी मूळची जुन्नरची, वय 28. दोन वर्षांपूर्वी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला नोकरी लागली म्हणून गोव्यात आले. मडगावात बोर्ड्याला एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. लहानपणापासून बाबांबरोबर डोंगर केले. शिवनेरी, हडसर, जीवधन, नाणेघाट. बाबांचे गुडघे गेले आणि त्यांचं चढणं थांबलं. इथे मी दर रविवारी एकटीच निघते. नेत्रावळी, खोतीगाव, मोले, चोर्ला. रानात मला कोणाचीही उणीव भासत नाही. आठवडाभर मी त्या सात-आठ तासांचीच वाट बघत असते. पण संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडलं की पोटात खड्डा पडतो. बूट काढते, जळवांच्या खुणा धुते, आणि दिवसभरात काय पाहिलं ते सांगायला कोणी नसतं. आईला वाटतं मी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर जाते. तशा मैत्रिणी नाहीतच. मी त्यांची नावं ठरवून ठेवली आहेत, एकीला उन्हाचा त्रास होतो असंही सांगून ठेवलंय. गेल्या जुलैत रुळांवरून चालत एकटी दूधसागरला गेले, तेव्हा आईला ‘मॉलमध्ये आहे’ म्हणाले. खाली मालकीणबाई राहतात. चांगल्या आहेत, पण एकदा शेजारणीशी बोलताना त्या मला ‘ती भायली’ म्हणाल्या ते ऐकलं. तेव्हापासून जिन्यावरून पाय न वाजवता ये-जा करते. गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्यांनी जेवायला बोलावलं, तर पोट दुखतंय म्हणून सांगितलं. माझं काही चुकतंय का? डोंगर सोडू, की गोवा सोडू?
– जुन्नरची लेक, मडगाव

जुन्नरच्या लेकी,

तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या मैत्रिणींपाशी अडखळले. खोटं बोललीस याचं मला फारसं वाटलं नाही. परगावी राहणारी लेक आईशी थोडंफार खोटं बोलतेच, तिचा जीव टांगणीला लागू नये म्हणून. पण नसलेल्या मैत्रिणीला उन्हाचा त्रास होतो हे लक्षात ठेवायचं, पुढच्या फोनवर ‘आज ती आली नाही, फार ऊन होतं’ असं सांगायचं... इतकी काळजी आपण आईला फसवायला घेत नाही. तुला त्या मैत्रिणी हव्या आहेत, म्हणून त्या इतक्या नीट रचल्या गेल्या.

आधी रागवून घेते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. रुळांवरून दूधसागरला पुन्हा जायचं नाही. कुळ्याहून कॅसलरॉकला चढणारी ती लाईन घाटाची आहे, दर 37 फुटांना एक फूट चढ. मालगाड्यांना जादा इंजिनं जोडावी लागतात. वळणं आणि बोगदे एकामागून एक. जुलैतल्या पावसात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, आणि बोगद्यात ऐकू आली तरी पळायचं कुठे? शिवाय रुळांवर उतरणं हा गुन्हा आहे. 2023 च्या जुलैत तिथे रेल्वे पोलिसांनी ट्रेकर्सना उठाबशा काढायला लावल्या होत्या. मला त्या मुलांची कीव आली नाही, त्यांच्या आयांची आली. पावसातला दूधसागर बघायचाच असेल तर मडगावहून कॅसलरॉककडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बस. गाडी धबधब्यासमोरच्या पुलावरूनच जाते, आणि 310 मीटरवरून कोसळणारं पाणी डब्यात तुषार फेकतं.

आणि त्या दिवशी तू आईला ‘मॉलमध्ये आहे’ म्हणालीस. काही झालं असतं तर तुझा शोध मॉलपासून सुरू झाला असता. हे वाक्य लिहिताना माझ्या अंगावर काटा आला. यातून सुटायचा रस्ता आहे, आणि तुझ्या संध्याकाळच्या खड्ड्यातून वर यायचा रस्ताही तोच आहे. तो सांगण्याआधी डोंगरांबद्दल बोलू, कारण ते तू सोडावेस असं मला अजिबात वाटत नाही.

तू ज्या डोंगरांत वाढलीस तिथे डोंगराला माथा असतो. जीवधन चढून गेलं की कड्याच्या टोकावरून खाली कोकण दिसतं, वानरलिंगीचा सुळका समोर उभा राहतो, पलीकडे नाणेघाट, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. वाटेत दरवाजा लागतो, कातळातल्या पायऱ्या लागतात, वर पाण्याची टाकी असतात. आणि माणसं असतात. माथ्यावर महाराजांचा जयजयकार झाला की अनोळखी ग्रुपही आपला होतो, कोणीतरी खिचडीचं पातेलं पुढे सरकवतो. मी साताऱ्याकडची. अजिंक्यतारा आणि सज्जनगड हे माझं अंगण, त्यामुळे तुझ्या अंगात काय भिनलंय ते मला माहीत आहे.

गोव्याचं रान तसं नाही. इथले गाजलेले किल्ले बहुतेक समुद्रावर नाहीतर नदीच्या मुखाशी: आग्वाद, शापोरा, काब द राम. सत्तरी-सांग्याच्या डोंगरात चार तास चाललीस तरी कुठे पोचल्यासारखं वाटत नाही. झाडी एवढी दाट की माथा आला तरी कळत नाही, आणि कळला तरी तिथून दिसतं काय, तर पुढची झाडी. वाट ओढ्याकाठाने जाते, ओढा ओलांडते, एखाद्या जुन्या कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, दगडी गडग्याला लागते आणि पुन्हा रानात शिरते. माथ्यावर भेटणारी माणसं इथे माथ्यावर नाहीतच. ती खाली आहेत, पायथ्याच्या घरात, चहाच्या दुकानात, बसच्या थांब्यावर. जुन्नरच्या सवयीने तू त्यांना वर शोधतेस आणि खाली उतरल्यावर त्यांच्या समोरून मान खाली घालून निघून येतेस.

गोव्यात आल्यावर मला हे कळायला तीन पावसाळे लागले. पहिला पावसाळा मी नुसती रुसून होते. दुसऱ्या वर्षी मेच्या अखेरीला, वळीव पडून गेल्यावर, सुर्ल्याच्या वाटेवर एक आख्खं झाड काजव्यांनी भरलेलं पाहिलं. विझायचं, पेटायचं, सगळं झाड एकदम. मग जूनमध्ये पहाटे ओढ्यातल्या खडकावर बसून शीळ घालणारा मलबारी कस्तूर ऐकला. तो साताऱ्याच्या डोंगरांतही आहे, महाबळेश्वरला तर भरपूर. पण गड चढायच्या घाईत मी त्याच्यासाठी कधी थांबलेच नव्हते. इथे पोचायचं कुठेच नसल्यामुळे थांबता आलं. हळदुवो पाहिला असशीलच, लालभडक गळ्याचा पिवळा बुलबुल, गोव्याचा राज्यपक्षी. नसेल तर मोल्याला सकाळी आठच्या आत ओढ्याजवळ शांत बसून राहा.

आणि शेकरू. तुझ्या भीमाशंकरचं शेकरू मोल्याच्या रानातही आहे. वरच्या फांदीवरून ती लांब झुबकेदार शेपटी लोंबताना दिसली की मला अजून माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. तुमच्याकडचा काळा पाषाणसुद्धा गोव्याच्या ईशान्य टोकापर्यंत येऊन मगच संपतो. तांबडी सुर्लाचं कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ काळ्याच दगडाचं आहे. त्याच्या खांबाला पाठ टेकून एकदा बस. तुझ्या मागच्या बाजूला सह्याद्री आहे, तोच, फक्त झाडीत बुडालेला.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं तुला पटणार नाही.

1994 साली मी सत्तरीतल्या एका शाळेत मराठी शिकवायला आले. वाळपईला खोली घेतली. शनिवारी दुपारी शाळा सुटली की पाठीवर पिशवी टाकून वाघेरीच्या डोंगराच्या बाजूला निघायचे. डिसेंबरातली गोष्ट. एका कोरड्या ओढ्यात शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. उभं राहता येईना. तेव्हा मोबाईल कुठले! डिसेंबरात दिवस सहाच्या सुमाराला मावळतो, पण दाट रानात त्याच्या आधीच अंधारायला लागतं. मी हाका मारल्या. मग हाका मारणं थांबवलं, कारण माझा आवाज परत ऐकून भीती वाढत होती.

लाकडाची मोळी घेऊन घरी निघालेली धनगर-गवळी वाड्यावरची एक बाई तिथून गेली म्हणून मी सापडले. तिने मोळी खाली टाकली, माझा हात खांद्यावर घेतला आणि मला अर्धवट उचलत वाड्यावर नेलं. गरम पाण्याने पाय शेकला, नाचणीची भाकरी दिली, घोंगडी दिली. सगळं झाल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, “तुजी वाट कोण पळयता घरा?” तुझी वाट कोण बघतंय घरी?

मी म्हटलं, कोणी नाही. तिला ते खरं वाटेना. पुन्हा पुन्हा विचारत राहिली. तिच्या लेखी कोणी वाट बघत नसेल असं माणूसच नव्हतं.

रविवारी दुपारी तिच्या मुलाने मला सायकलवर बसवून वाळपईला आणून सोडलं. मी जिन्याने वर गेले. खाली मालकीणबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं, हसल्या आणि पुन्हा तांदळात नजर घातली. मी रात्रभर खोलीवर नव्हते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सोमवारी लंगडत शाळेत गेले, कोणीतरी म्हणालं, पाय आपटला वाटतं. संपलं. त्या आठवड्यात घोटा सुजून वांग्यासारखा झाला होता, पण मी रात्री रडले ते घोट्यासाठी नाही.

पुढच्या शनिवारी पायाला पट्टी होती, तरी मी खाली गेले आणि मालकीणबाईंना सांगितलं, “मी बाजाराकडे जाऊन येते, सहापर्यंत येईन.” त्यांना कळेना मी हे त्यांना का सांगतेय. सहाला आल्यावर दारातून पुन्हा सांगितलं, “आले हं.” त्या गोंधळल्या. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी निघाले तेव्हा त्यांनीच विचारलं, “आज खंय?”, आज कुठे? आणि एकदा मला साडेसात झाले, तर त्या दिवा घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. खूप बोलल्या मला. मग पेज वाढली, वर खारातली कैरी. त्यांच्या रागावण्याने मला जेवढं बरं वाटलं तेवढं त्या वर्षात कशानेच वाटलं नव्हतं.

एकट्याने डोंगरात जाणाऱ्याचा पहिला नियम तुला बाबांनी शिकवला असेलच: कुठे जातोय आणि कधी परतणार हे एका माणसाला सांगून निघायचं. आपण तो अपघाताच्या भीतीने पाळतो, किंवा तुझ्यासारखा पाळत नाही. पण सांगून निघालं की आपोआप परतल्याचंही सांगावं लागतं, आणि परतल्याचं सांगताना काय पाहिलं ते तोंडून निघतंच. तू लिहिलंस, दिवसभरातलं सांगायला कोणी नसतं. मग कोणाला सांगायचं? ज्याला निघताना सांगशील, त्यालाच.

तुला अशी दोन माणसं लागतील. एक तुझे बाबा. ते पाचशे किलोमीटरवर आहेत, त्यामुळे प्रसंग पडला तर ते धावत येऊ शकणार नाहीत, पण तुझी वाट त्यांच्याइतकी कोणालाच समजणार नाही. शनिवारी रात्री त्यांना मार्ग पाठव: कुठून शिरणार, कुठे बाहेर पडणार, किती वाजता. नुसते फोटो पाठवू नकोस. पाणी कुठे होतं, चढ कसा होता, उतरताना माती कुठे सुटली होती ते सांग. गुडघे गेले म्हणून त्यांचं डोंगरात मन जायचं थांबलेलं नाही. तू त्यांना वाईट वाटेल म्हणून सांगत नसशील असा माझा अंदाज आहे. मला वाटतं, तू सांगत नाहीस याचं त्यांना जास्त वाईट वाटत असणार.

पण बाबांना खोट्यात सामील करून घेऊ नकोस. आईला आणि त्यांना एकत्रच सांग, आणि फोनवर नको. पुढच्या सुट्टीत घरी जाशील तेव्हा, जेवणं झाल्यावर. आई आधी चिडेल. मग विचारेल की त्या उन्हाचा त्रास होणाऱ्या मुलीचं काय, आणि तेव्हा तुला फार ओशाळं होईल, होऊ दे. ती रडलीही तरी लगेच ‘आता नाही जाणार’ असं वचन देऊन बसू नकोस. ते तू पाळणार नाहीस आणि पुन्हा नवी नावं शोधावी लागतील. त्याऐवजी तिला सांग की आतापासून कोणाकोणाला ठाऊक असेल, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर कोण काय करेल.

दुसरं माणूस जवळचं हवं. जे उठून दार वाजवेल, 112 ला फोन करेल, वनखात्याच्या नाक्यावर कोणाला तरी पाठवेल. ते माणूस तुझ्या जिन्याखाली राहतं.

भायली म्हणजे बाहेरची. शब्द बोचतो, मला माहीत आहे. तीस वर्षांनंतरही मला कधीतरी ऐकू येतो. पण तू एक शब्द ऐकलास, पुढचं-मागचं वाक्य ऐकलं नाहीस. ‘ती भायली, एकटी राहते, जेवते की नाही कोण जाणे’ असंही ते वाक्य असू शकतं. आणि समजा नसेल, समजा तो शब्द तुटकपणेच आला असेल, तरी त्याच्या मागे काय आहे ते बघ. गोवा आहे 3702 चौरस किलोमीटरचा. आपला एकटा पुणे जिल्हा त्याच्या चौपटीहून मोठा. एवढ्याशा जागेत बाहेरच्यांनी जमिनी घेतल्या, घरं घेतली, इथल्या मुलांना आपल्याच गावात भाडं परवडेना. त्यात आपण महाराष्ट्रातून आलेलो. 16 जानेवारी 1967 ला इथे जनमत कौल झाला, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर, आणि 34,021 मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. तुझ्या मालकीणबाई साठी ओलांडलेल्या असतील तर त्यांच्या लहानपणी घरात त्यावरून वाद झालेले असणार. घर कोणत्या बाजूचं होतं ते त्यांनी सांगेपर्यंत कळायचं नाही. म्हणून एक पथ्य पाळ: कोकणी ही मराठीची बोली आहे असं इथे चुकूनही म्हणू नकोस. शीक ती. चुकत बोल. त्या दुरुस्त करतील, आणि दुरुस्त करता करता माणूस जवळ येतं.

सुरुवातीला एकच शब्द पुरे. परतल्यावर दारातून सांगायचं, “काकी, पावलें गो.” पोचले, एवढाच अर्थ. मला हा शब्द फार आवडतो. आपल्याकडे पावलं चालतात, देव पावतो. इथे माणूस घरी पावतं.

तेव्हा या रविवारी निघताना जिन्यावर पाय वाजव. खाली थांब आणि कुठे जातेस ते सांग. एका चिठ्ठीवर लिहून दे: जागेचं नाव, स्कूटर कुठे लावणार, संध्याकाळी किती वाजता परतणार, आणि किती वाजले तर काळजी करायची. परतायची वेळ आणि काळजीची वेळ यांत दोन तासांचं अंतर ठेव, नाहीतर पंक्चरमुळे गाव गोळा होईल. बाबांचा नंबरही त्यावर लिही. त्या विचित्र नजरेने बघतील. माझ्याकडेही बघितलं होतं.

एकटीने जाण्याबद्दलही थोडं. ओळखीच्या वाटेवर, कोरड्या महिन्यांत, एकटी जा. त्यात मला चूक दिसत नाही. नवी वाट पहिल्यांदा एकटीने नको. नेत्रावळीला सावरी किंवा मैनापीच्या धबधब्याकडे नेणारी स्थानिक मुलं मिळतात, त्यांना घे. वाटाड्या घेतला म्हणून जुन्नरच्या मुलीची इभ्रत जात नाही. उलट कोणत्या झाडाला काय म्हणतात ते कळतं. पावसाळ्यात ओढा ओलांडायचा असेल तिथे तर एकटी मुळीच नको. पणजीलाच वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि डोंगराकडे तो आणखी वाढतो. वर पडला की खालचं घोटाभर पाणी बघता बघता कमरेला येतं. परत यायची वाट तुटते ती अशी. गवा कळपात दिसला तर थांबून बघ. एकटा नर वाटेत उभा असेल तर मागे फिर आणि त्याला मोकळी जागा दे, तो दिवस त्याचा.

आणि माकडताप. जळवांचं तू लिहिलंस, त्या फक्त रक्त पितात. हिवाळ्यापासून पावसापर्यंत रानात गोचिडी असतात, आणि 2015 पासून सत्तरीत त्यांच्यामार्फत माकडताप पसरलेला आहे. पाचोळ्यावर बसू नकोस, पूर्ण बाह्या आणि मोजे घाल, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाक आणि अंग नीट तपास. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळव. त्यानंतर काही दिवसांत कणकण आली तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग की मी रानात गेले होते. ताप चढल्यावर तुला सांगता आलं नाही तर कोणीतरी सांगायला हवं, हे वेगळं लिहायला नकोच.

ग्रुपबरोबर जाण्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. बहुधा स्पीकरवर गाणी लावून चालणाऱ्यांचा अनुभव आला असेल. सगळे तसे नसतात. युथ हॉस्टेल्स असोसिएशनची गोव्यातली ट्रेकिंग मोहीम हिवाळ्यात असते, देशभरातून माणसं येतात, दोन-चार तरी तुझ्यासारखी गप्प चालणारी निघतात. महिन्यातला एक रविवार अशा ग्रुपचा, बाकीचे तुझे. हे प्रमाण मी माझ्यावर वापरून पाहिलेलं आहे.

राहिली रविवारची संध्याकाळ, सहा ते दहा. त्यावर माझ्याकडे मोठा उपाय नाही, छोटे आहेत. रानातून थेट खोलीवर येऊ नकोस. सांग्याच्या किंवा केप्याच्या बाजारात थांब, दर वेळी त्याच हॉटेलात. पातळ भाजी, पाव, एक मिरची, चहा. पाचव्या-सहाव्या रविवारी न सांगता भाजी समोर येईल आणि मालक तुझ्या चिखलाच्या बुटांकडे बघून काहीतरी विचारेल. उत्तर दे. लांबलचक दे. मडगावच्या रवींद्र भवनात मराठी नाटकं लागतात, ती बघत जा. दिवाळी झाली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर नाटक चालतं, पुष्कळदा मराठीच, गावातली माणसं रंग लावून उभी असतात. तुझ्या वाटेवरच्या एखाद्या गावात जा. सकाळी ज्याच्या दुकानात पाणी घेतलंस तो रात्री राजा झालेला दिसेल. पुढच्या वेळी त्याच्याशी बोलायला तुला विषय शोधावा लागणार नाही.

गोवा सोडायचा का, हे मला आत्ता विचारू नकोस आणि स्वतःलाही विचारू नकोस. ऑगस्टच्या पावसात, ओल्या खोलीत बसून असले निर्णय घ्यायचे नसतात. शिगम्यापर्यंत थांब. तोवर जिन्याखालचं दार उघडं राहिलं आणि तरीही जुन्नरच हवंसं वाटलं, तर जा, त्यात हार कसली? नोकऱ्या तिकडेही आहेत आणि बाबा तिकडे आहेत. पण ज्या घराच्या मालकीणबाईंना तू कधी ‘पावलें’ म्हटलंच नाहीस, ते घर सोडताना तुला गोवा सोडल्यासारखं वाटणार नाही, फक्त एक खोली रिकामी केल्यासारखं वाटेल.

चवथ जवळ आली आहे. या वेळी जेवायच्या बोलावण्याची वाट बघू नकोस. आदल्या दिवशी, घरात माटोळी बांधायला घेतात तेव्हा, खाली जा. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं-फुलं बांधतात: कवंडळं, कांगलां, घागऱ्यो, सुपारीचे घड, आंबाडे. यातली काही तू वाटेवर पाहिलेली असशील आणि नाव माहीत नसल्यामुळे पुढे गेली असशील. ती नावं विचार. अभयारण्यातून काही तोडून मात्र नेऊ नकोस, बाजारात सगळं मिळतं, आणि काकींचं माहेर सांग्या-काणकोणाकडचं असेल तर तिकडच्या कुळागरातून पिशव्या आलेल्याच असतील. चौकट उंच असते. स्टुलावर चढून हात वर करून तासभर गाठी मारायला घरात कोणी धजावत नाही, म्हाताऱ्यांना चक्कर येते आणि पोरं कंटाळतात. तुला चढायची सवय आहे. म्हणावं, काकी, सुतळी द्या इकडे.